गणपतीपुळे ते मालवण: वाटेवरची टिपणं

गणपतीपुळे ते मालवण हे अंतर किलोमीटरपेक्षा खाड्यांनी सांगितलेलं बरं. आरे, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, वाघोटण, देवगड, आचरा, कालावल, कोळंब. किलोमीटर विचाराल तर किनाऱ्याच्या रस्त्यानं दोनशेच्या आसपास. पण दोनशे म्हटलं की घाटावरचा माणूस चार तासांचा हिशेब करतो, आणि मग वाटेतलं सगळं खिडकीतून निसटतं. या पट्ट्याला दोन दिवस द्या. तीन मिळाले तर फारच छान.

*

वाटा तीन.

एक महामार्ग. पुळ्याहून चाफे-निवळीवरून बाहेर पडायचं आणि हातखंबा, पाली, लांजा, राजापूर, खारेपाटण, तळेरे, नांदगाव, कणकवली करत कसालला यायचं. तिथून उजवीकडे मालवण.

दुसरी कोकण रेल्वे. रत्नागिरीला बसायचं, कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळला उतरायचं.

तिसरी सागरी मार्गाची. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यानं रस्ता ही बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळात आकाराला आलेली कल्पना. पुळ्याच्या उत्तरेला जयगड, दाभोळ, बाणकोट या रुंद खाड्यांवर वर्षानुवर्षं पूल नव्हते. तिथं गाड्या जंगलजेटीत चढवून पलीकडे नेण्याची रीत पडली. पुळ्याच्या दक्षिणेला मात्र पूल आधी झाले, त्यामुळे फेरीबोटीची वाट न बघता मालवणपर्यंत पोचता येतं. एवढा सलग किनारा हाताशी असताना बहुतेक पर्यटक महामार्ग पकडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

*

चौथी वाट खरं तर सगळ्यांत जुनी, ती समुद्राची. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत गोव्याकडे जायच्या. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, ट्रंका-वळकट्यांना त्यांत उतरवून घ्यायचे. पावसाळ्यात हा मार्ग बंद. आज या गावांमधून गाडीनं जाताना वाटतं, एवढीशी गावं, मग त्यांची नावं इतकी मोठी कशी? कारण नकाशावर ती रस्त्यानं जोडली जाण्याच्या आधी कित्येक शतकं पाण्यानं जोडलेली होती. सागरी मार्ग त्याच बंदरांना पुन्हा एका दोरीत ओवतो, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

*

या रस्त्याची चाल एकदा कळली की प्रवास सोपा होतो. जांभ्या दगडाचा सपाट सडा. मग वळणं घेत उतार. उतारावर आंबा-काजू, खाली माड-पोफळी, मग खाडी, पूल आणि पलीकडे पुन्हा चढ. चढ संपला की परत सडा. मालवणपर्यंत हेच आवर्तन चालतं. सायकलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असं समजून निघालेल्याची पहिल्याच दिवशी दमछाक होते.

*

पुळे सोडण्याआधी मालगुंड. हाकेच्या अंतरावर आहे. केशवसुतांचा जन्म इथला, १८६६ सालचा. कोकण मराठी साहित्य परिषदेनं त्यांच्या जन्मघराशी स्मारक उभारलं आहे. मराठी कवितेला नवं वळण देणाऱ्या माणसाचं घर देवळापासून इतकं जवळ आहे, आणि देवळातल्या गर्दीचा लहानसा भागच तिथं पोचतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना जरूर न्या. शाळेच्या पुस्तकातलं नाव एकदा अंगणासकट बघू द्या.

*

पुळ्याच्या समुद्राबद्दल ठासून सांगायला हवं: तिथं पोहायला उतरू नका. किनारा चटकन खोल होतो, लाट परतताना पायाखालची वाळू ओढते. आरे-वारेलाही तसंच. दर वर्षी माणसं जातात, आणि त्यांत पोहणारेही असतात. पाण्यात जायचंच असेल तर तारकर्लीपर्यंत थांबा, तिथंही स्थानिकांना विचारून.

*

आरे-वारे. भंडारपुळ्यावरून पुढे आल्यावर रस्ता डोंगराच्या कडेनं चढतो आणि दोन किनारे एकदम खाली पसरलेले दिसतात. मधे डोंगराची सोंड, कडेला सुरूचं बन. निवळीवरून रत्नागिरीला जाणाऱ्यापेक्षा हा रस्ता जवळचाही आहे. दुपार टाळा. सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. गाडी वळणावर उभी करू नका. वळणाच्या अलीकडे-पलीकडे जागा आहे.

*

रत्नागिरीत लोक बहुधा पेट्रोल भरून पुढे जातात. अर्धा दिवस तरी काढावा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर. रत्नदुर्ग आणि त्यावरची भगवती. झाडगावचं मत्स्यालय, तिथला देवमाशाचा सांगाडा पाहून पोरं थक्क होतात. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ सालचं. ते सर्व जातींसाठी खुलं राहावं म्हणूनच उभं राहिलं. त्यामागे सावरकरांचे इथल्या स्थानबद्धतेतले प्रयत्न होते.

आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाचं राज्य १८८५ साली इंग्रजांनी घेतलं आणि त्याला समुद्रापार इथं आणून ठेवलं. राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं. १९१६ साली राजा गेला, तो इथंच. सहा वर्षं या गच्चीवरून त्याला भाट्याची खाडी दिसत होती. ती उतरून समुद्राला मिळते आणि त्या समुद्रातूनच त्याला आणलं होतं. तिथं उभं राहिलं की हे सुचल्याशिवाय राहत नाही.

*

एसटीनं जाणाऱ्यांसाठी. पुळ्याहून रत्नागिरीला गाड्या भरपूर. रत्नागिरीहून मालवणला जायचं तर बहुतेक गाड्या महामार्गानं. किनाऱ्यानं जायचं तर तुकड्यातुकड्यानं: रत्नागिरी-पावस, पुढे आडिवऱ्याकडची किंवा जैतापूरकडची, मग विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण. प्रत्येक ठिकाणी पुढच्या गाडीची वेळ कंडक्टरला आधीच विचारून ठेवा. तो नुसती वेळ सांगत नाही, ती चुकली तर कोणाची रिक्षा मिळेल हेही सांगतो. संध्याकाळची वस्तीची गाडी खेड्यात मुक्काम करते आणि पहाटे तिथून निघते. त्या गाडीत शाळा-कॉलेजची पोरं, बाजार करून परतणाऱ्या बायका आणि एखादी टोपली हमखास. राज्यात महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आजी-आजोबांना घेऊन केलेली ही सहल खिशाला अगदी हलकी पडते.

*

भाट्याचा पूल. खाली काजळी नदीची खाडी. अलीकडे राजिवड्याच्या होड्या, पलीकडे सुरूचं बन आणि झरीविनायक. पूल ओलांडताना दोन्हीकडे बघा. एका बाजूला मासेमारीचं गाव, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. पुढच्या प्रत्येक पुलावर हेच चित्र थोडं बदलून भेटणार आहे.

*

पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी. जन्म १९०३, समाधी १९७४. ज्ञानेश्वरी त्यांनी अभंगात आणली, आणि बहुतेक आयुष्य या एका गावात काढलं. देवळात शांतता पाळली जाते, मुद्दाम सांगावं लागत नाही. दुपारी पोचलात तर प्रसाद घेऊन निघा.

तिथूनच फाटा फुटतो गणेशगुळ्याला. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ असं या भागात म्हणतात. पुळ्याहून येणाऱ्यानं त्यामुळे गुळ्याला जरूर डोकवावं. किनारा लांब आणि बराचसा मोकळा.

*

पूर्णगड. मुचकुंदी नदीच्या मुखावरचा छोटा किल्ला, बघायला अर्धा तास पुरे. तटावरून दोन गोष्टी नीट दिसतात: खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत इथून डोळ्यांखालून जायचं, आणि पलीकडचा गावखडीचा किनारा सुरूनं भरलेला आहे. गावखडीला हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावातली माणसं घरटी राखतात. पिल्लं सोडताना बघायला मिळाली तर टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. पिल्लं उजेडाच्या रोखानं चालतात, त्यांना समुद्राचीच दिशा दिसली पाहिजे.

*

कशेळीचा कनकादित्य. सूर्याची देवळं आपल्याकडे थोडी, त्यांतलं हे एक. आडिवऱ्याची महाकाली त्याच वाटेवर. दोन्ही देवळांत लाकडी खांबांचं काम रेंगाळून बघण्यासारखं आहे.

पण कशेळी आता आणखी एका गोष्टीसाठी ओळखली जाते. सड्यावर जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती, अठरा मीटरच्या आसपास लांब. त्याच्या रेषेच्या आत कितीतरी इतर प्राणी आणि मासे. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेषा दिसतात; थोडं चालावं लागतं, तेव्हा हत्ती एकत्र येतो. बारसूच्या सड्यावर माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाघ. ही कातळशिल्पं गुराखी आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. रत्नागिरीतल्या काही हौशी अभ्यासकांनी सडे पायी तुडवून ती नोंदवली, आणि २०२२ साली त्यांतली निवडक ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

*

सड्याबद्दल आणखी थोडं. सरकारी कागदात त्याला बऱ्याचदा पडीक म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरात याच पडीक जागेवर पाय ठेवायला संकोच वाटावा इतकी फुलं असतात: सीतेची आसवं, तेरडा, कवला. दगडातल्या खळग्यांत पाणी साठतं, ते झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीला येतं. चिऱ्याच्या खाणी सड्यावर पुढे सरकतात तेव्हा फुलं जातात, चित्रं जातात आणि विहिरीही कोरड्या पडायला लागतात. घराला चिरा लागतो हे खरं, माझ्याही घराच्या भिंती चिऱ्याच्याच. पण कोणता सडा फोडायचा आणि कोणता राखायचा, हे ठरवूनच खणलं पाहिजे. पर्यटकानं एवढं करावं: कातळशिल्पावर चढू नये, फोटोसाठी रेषा खडूनं रंगवू नयेत, गाडी सड्यावर घालू नये.

*

महामार्गानं जाणाऱ्यांवर अन्याय नको, त्या वाटेवर राजापूर आहे. अर्जुना नदीवरचं जुनं बंदर. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली. पुढे नदीत गाळ भरत गेला आणि मोठी गलबतं खाली जैतापूरलाच थांबू लागली. उन्हाळे गावचे गरम झरे, धूतपापेश्वराचं देऊळ, आणि अवचित प्रकटणारी राजापूरची गंगा, साधारण तीन वर्षांनी येणारी, पण तारीख न पाळणारी. गंगा आल्याची बातमी कानावर आली तर वाट वाकडी करून जा.

*

जैतापूरची खाडी. नाट्याचा यशवंतगड उत्तरेला, आंबोळगड थेट समुद्राच्या तोंडाशी. यशवंतगडाच्या तटांत झाडांची मुळं शिरली आहेत. संध्याकाळी इथून मच्छीमार बोटी परतताना दिसतात. मोठी हॉटेलं नाहीत. घरगुती जेवण सांगून मिळतं. सकाळी फोन करावा, दुपारी ताजी मासळी पानात येते.

*

विजयदुर्गासाठी वाघोटणची खाडी ओलांडावी लागते, आणि पूल मुखापासून बराच आत आहे. समोर किल्ला दिसत असताना रस्ता तुम्हाला पाठ फिरवायला लावतो. ही फेरी कंटाळवाणी वाटू देऊ नका. एवढी खोल, आत शिरलेली, वाऱ्यापासून सुरक्षित खाडी होती, म्हणून तर इथं आरमार वसलं.

किल्ला भोजाच्या काळचा. शिवाजी महाराजांनी १६५३ साली घेतला, तिहेरी तट दिला. आंग्र्यांच्या काळात त्याचा दरारा असा की परदेशी दर्यावर्दी त्याचं घेरिया हे नाव ऐकून वाट बदलायचे. १७५६ साली तो पडला. इंग्रजांचं आरमार समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून, असा आपल्याच आरमारावर झालेला हा हल्ला होता. मराठ्यांच्या समुद्रावरच्या ताकदीला बसलेला तो घाव पुढे भरून आला नाही, असं मला वाटतं. खाडीत थोडं आत जहाजं दुरुस्त करण्याची खडकात खोदलेली गोदी आहे, तीही बघा. तट सगळेच बघतात. जहाजं कुठं डागडुजीला येत, हे बघितल्यावर आरमार म्हणजे काय ते कळतं.

*

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध इथं लागला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी ही गोष्ट जोडलेली आहे. त्या ग्रहणात जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं गुंटूरहून निरीक्षणं केली. लॉकियरनं त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा नोंदवली. म्हणजे शोधाचं श्रेय एका ओट्याला देता येत नाही. तरीही गावातली मुलं दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर जमतात, सूर्य आणि वायूंबद्दल ऐकतात, ही गोष्ट मोलाची आहे. त्यांना खरा, पूर्ण इतिहास सांगितला तर तो दिवस आणखी मोठा होईल.

*

विजयदुर्ग ते देवगड या टप्प्यात दोन देवळं चुकवू नका. गिर्ये इथला रामेश्वर, जिथं खडक फोडून काढलेल्या वाटेनं खाली उतरावं लागतं. आणि वाडा गावचा विमलेश्वर, कातळातच कोरलेला, दोन बाजूंना हत्ती. दोन्हीकडे गारवा. मे महिन्यात दुपारचे दोन तास काढायला याहून चांगली जागा नाही.

*

देवगड. एप्रिल-मे असेल तर रस्त्यावर आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो आणि हवेत पेंढ्याचा वास. हापूस बागेतूनच घ्या आणि घेताना थोडं बोला. मोहोर कधी आला, थंडी किती टिकली, अवकाळीनं किती गेलं, हे बागायतदार सांगतो तेव्हा पेटीची किंमत कळते. भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं, तरी देवगडच्या नावानं दुसरीकडचा आंबा विकला जातोच. त्यामुळे झाडाखाली उभं राहून घेतलेली पेटी सगळ्यांत खात्रीची.

किल्ला, दीपगृह, पवनचक्क्या हे सगळं एकाच बाजूला. पेट्रोल आणि पैसे देवगड-जामसंड्यात घेऊन ठेवा. पुढे सड्यावर फोनला रेंज जात-येत राहते.

*

तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलामुळे कुणकेश्वर देवगडला अगदी जवळ आलं. देऊळ समुद्राच्या काठावर. महाशिवरात्रीला माणसांचा पूर. ओहोटी लागली की खडकांत कोरलेली शिवलिंगं उघडी पडतात. तिथले लोक ओहोटीला सुकती म्हणतात, त्यांना वेळ विचारून घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार आत जातं आणि तितकंच वेगानं परत येतं, तेव्हा खडकांवर रेंगाळू नका.

*

जेवण बदलतं ते बघत जा. पुळ्याकडे उकडीचे मोदक, पिठलं-भात, आंबोळी, फणसपोळी. देवगड ओलांडलं की मालवणी मसाल्याचा वास यायला लागतो: बांगड्याचं तिखलं, कोंबडी-वडे, सोलकढी. सकाळी घावणे. आणि कुणाच्या घरी शिरवाळे-रस मिळाला तर नाही म्हणू नका. शेवया दाबून काढायला दोन माणसं लागतात, म्हणून हॉटेलात ते सहज मिळत नाहीत. मालवणच्या बाजारातून खाजं घ्यावं, जत्रेतलं असेल तर अधिक चांगलं.

*

आचऱ्याला काही वर्षांच्या अंतरानं गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. वेशीपलीकडे राहुट्या, चुली, गाणी, गप्पा. तोवर गावात चूल पेटत नाही. त्या काळात तुम्ही पोचलात तर वेशीबाहेरच थांबा, गावात शिरून फोटो काढू नका. गावकरी तुम्हाला आपल्या राहुटीत चहाला बोलावतीलच.

*

तोंडवळी-तळाशील. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर नांदतं गाव. उधाणात समुद्र दारापर्यंत येतो. इथं राहणाऱ्याला हवामानबदल समजावून सांगावा लागत नाही.

*

मालवण. बंदर जेटीवरून सिंधुदुर्गाची होडी. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं आणि तीन वर्षांत उभं राहिलं. त्याआधी पूजा झाली ती किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी. तिथं आधी जा, मग होडीत बसा. किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ, आणि चारही बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. जागा निवडणाऱ्याची नजर तिथं पटते. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा जून ते ऑगस्टमध्ये केवळ किल्ल्यासाठी येऊ नका.

*

तारकर्ली-देवबागला पहाटे रापण बघायला मिळते. होडीनं समुद्रात टाकलेलं जाळं किनाऱ्यावरून दोन टोकांनी ओढतात, एका लयीत. वाटा सगळ्यांना, ओढणाऱ्या प्रत्येकाला. यांत्रिक बोटींमुळे रापणीला मिळणारी मासळी घटली आहे आणि किनाऱ्यावर आता पर्यटनाची गर्दी. पाण्यातल्या खेळांच्या बोटी रापणीच्या जाळ्यापासून लांब ठेवायला चालकाला सांगा. पाहुण्यानं एवढं म्हटलं तर तो ऐकतो.

*

शेवटी, वाट कुठली निवडावी? ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी किनाऱ्यानं जावं आणि मुक्काम विजयदुर्ग किंवा देवगडला करावा. पर्यटकांचा पैसा दोन टोकांना साठण्यापेक्षा या मधल्या गावांत पोचावा, असं मला फार वाटतं. तिथल्या पोरांना मुंबईची वाट धरावी लागू नये याला तोही हातभार आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी किनाऱ्यानं एसटीनं तुकड्यातुकड्यानं जावं आणि परतताना कुडाळहून रेल्वे धरावी. रत्नागिरीपर्यंत दोन-अडीच तास. समुद्र दिसणार नाही, पण रत्नागिरीच्या अलीकडे पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल लागतो. गणपतीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिकिटं फार आधी संपतात, तेव्हा आधी परतीचं आरक्षण करा आणि मगच मुक्काम ठरवा. मुक्कामाच्या घरी भरती-ओहोटीच्या वेळा विचारा, दुसऱ्या दिवसाची आखणी त्या वेळांवरून करा. सकाळी ओहोटी असेल तर आधी कुणकेश्वरचे खडक बघा, देवगडचा किल्ला नंतर. भरती असेल तर उलट.